न उडणाऱ्या विमानाचं वय

ओझरच्या विमान कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला विमानाची दोन वयं ठाऊक असतात. एक उड्डाणाच्या तासांत मोजायचं, दुसरं कॅलेंडरवर. विमान भरपूर उडालं तर पहिलं वय आधी भरतं, हँगरमध्येच उभं राहिलं तर दुसरं. रबराचे सील उभ्या उभ्या कडक होतात, तेलं बदलावी लागतात, होजपाइपांच्या तारखा उलटतात. जे वय आधी भरेल त्या दिवशी ओव्हरहॉल. ‘अहो, पण हे उडालंच नाही’ ही सबब तिथे चालत नाही.

हे ओझर म्हणजे विघ्नहराचं नव्हे. ते जुन्नर तालुक्यात. हे निफाड तालुक्यातलं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं, बाणगंगेकाठचं. १९६४ साली इथे मिग-२१ बनवण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग उभा राहिला आणि तेव्हापासून गावाच्या नावाला ‘मिग’ चिकटलं. एसटीच्या कंडक्टरलाही ‘ओझर मिग’ म्हटलं की कळतं. पुढे मिग-२७ आलं, सुखोई-३० आलं. मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं आणि त्यानंतर महिनाभराच्या आत, १७ ऑक्टोबरला, इथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. इतक्या वर्षांत या गावाने ‘कॅलेंडर लाइफ’ हा शब्द घराघरांत नेला. कारखान्यातून सायकलवर, मग स्कूटरवर, मग मोटारीत बसून तो शब्द घरी आला. फक्त घराच्या बांधकामाला तो कुणी लावला नाही.

निवृत्तीनंतर घर सजवायला घेणारा माणूस हे सगळं गणित कारखान्याच्या गेटवर ठेवून येतो.

त्याला कारणही आहे. टाऊनशिपच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने तीस वर्षं भिंतीला खिळा ठोकतानाही विचार केलेला असतो. रंग कंपनीचा, फरशी कंपनीची, खिडकी शेजाऱ्यासारखीच. बायकोने ओटा थोडा उंच हवा म्हणून सांगून पाहिलेलं असतं. तो झालेला नसतो. मग एका दिवशी भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी (तिची कायदेशीर कमाल मर्यादा २०१८ पासून वीस लाख आहे) असं सगळं एकदम खात्यात येतं, आणि तीस वर्षांची हौस तीन महिन्यांत भागवायला निघते. गावाच्या दुसऱ्या अंगाला, मळ्यांमध्ये, पैशाची चाल वेगळी असली तरी परिणाम तोच. द्राक्षाचा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. एखादं वर्ष भाव साधला, गारपिटीने बाग सोडली, की वस्तीवर बंगल्याचा पाया खणला जातो. पुढचं वर्ष कसं जाईल कोण जाणे, म्हणून जे करायचं ते याच वर्षी.

मग सुरू होतं ते ओळखीचं सगळं. सगळ्या खोल्यांना पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात तीन रंगांचे दिवे. दुमजली उंचीच्या हॉलमध्ये झुंबर. मॉड्युलर किचन, आपोआप मिटणाऱ्या ट्रॉल्या, चिमणी. गच्चीवर कृत्रिम हिरवळ आणि बार्बेक्यू. वरच्या मजल्यावर होम थिएटर, खाली पाहुण्यांची खोली आणि तिला स्वतंत्र बाथरूम. आणि मास्टर बेडरूमला लागून बाथटब.

बाथटबवर थोडं थांबायला हवं, कारण त्याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राने सुटतं. टबात दीड-दोनशे लिटर पाणी मावतं. निफाड तालुक्यातल्या थंडीची ख्याती अशी की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात दरवर्षी बातमीत येतो. एरवी नळाचं पाणी वीस अंशांचं धरलं आणि अंघोळीला चाळीस अंशांचं हवं असलं, तर दोनशे लिटरला साडेचार-पाच युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी पन्नास रुपयांच्या आत काम भागतं. म्हणजे पैशांची अडचण नाही. अडचण गिझरची आहे. घरात गिझर असतो पंचवीस लिटरचा, दोन किलोवॅटचा. तो साठ अंशांपर्यंत तापायला पस्तीस मिनिटं घेतो, आणि टब भरायला असे चार गिझर लागतात. चौथा तापेपर्यंत पहिल्या तिघांचं पाणी कोमट झालेलं असतं. पाऊण तासात जेवण उरकून ड्युटीवर जायची सवय लागलेला माणूस अंघोळीसाठी सव्वादोन तास थांबेल, हे त्याने स्वतःबद्दल कोणत्या क्षणी खरं मानलं?

उत्तर सोपं आहे. हॉटेलात. तिथे बॉयलर असतो, टब दुसऱ्याने घासलेला असतो आणि त्या दिवशी दुसरं काही काम नसतं. माणसाला टब आवडलेला नसतो, सुट्टी आवडलेली असते. घरी त्याने टब आणला.

आपण एखादी गोष्ट किती वापरू, याचा अंदाज माणसं हमखास चुकवतात. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या सभासदांचा अभ्यास मांडला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त वर्गणी भरणारे इतक्या कमी वेळा जात की एका खेपेला त्यांना सतरा डॉलरहून जास्त पडत. दहा खेपांचा पास घेतला असता तर दहा डॉलर पडले असते. म्हणजे ‘मी रोज जाईन’ असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी त्यांनी पैसे भरले, आणि तो माणूस आलाच नाही. वरच्या मजल्यावरच्या ज्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात, तिच्यापुढे हा निष्कर्ष समजावून सांगायची गरज नाही.

याच धर्तीचा, पण थेट घरांवरचा पुरावा लॉस एंजेलिसमध्ये आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरी जाऊन कोण, कुठे, किती वेळ असतं याच्या नोंदी केल्या. २०१२ मध्ये त्यांचं ‘लाइफ ॲट होम इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’ हे पुस्तक निघालं. घर कितीही मोठं असो, माणसं स्वयंपाकघरात आणि त्याला लागून असलेल्या खोलीत दाटीने सापडत. झुले, खुर्च्या, शेगड्या मांडलेल्या परसात मोठी माणसं क्वचित पाऊल टाकत. आणि घर वाढवायला काढलेला पैसा गर्दीच्या स्वयंपाकघरावर जाण्याऐवजी बऱ्याचदा मास्टर बेडरूम प्रशस्त करण्यावर जाई, जिथे जागेपणी फारसं कुणी नसे. लॉस एंजेलिस आणि ओझर यांच्यात साम्य शोधणं धाडसाचं आहे. तरी परस आणि गच्ची यांची अदलाबदल केली तर फारसं काही बदलावं लागत नाही.

इथपर्यंत आलं की शहाणा वाचक निष्कर्ष काढून मोकळा होतो: जे वापरणार नाही त्यावर खर्च करू नये. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा निफाडला लागूनच असलेल्या येवल्यात विणला जातो.

पैठणी वर्षातून किती वेळा नेसली जाते? दोनदा, फार तर तीनदा. किंमत दहा हजारांपासून लाखाच्या पुढे. वापराने भागून पाहिलं तर एवढी महाग वस्तू घरात दुसरी सापडायची नाही. तरी ‘पैठणी घेऊन पैसे फुकट गेले’ असं म्हणणारी बाई ऐकिवात नाही. पुरणयंत्र होळीला निघतं, श्रावणात निघतं, आणि परत डब्यात जातं. त्याचाही कुणाला पस्तावा नाही. तेव्हा क्वचित वापरलं जाणं हा गुन्हा नव्हे. पैठणी कपाटात असताना काही मागत नाही. मलमलच्या फडक्यात गुंडाळायची, अधूनमधून घडी मोडून वेगळी घालायची की जर चिरत नाही. एवढी सेवा. आणि ती करतानाही हातांना बरं वाटतं.

बाथटब रोज मागतो. पश्चात्तापाचं मूळ इथे आहे. माणसाला गेलेल्या पैशाचं दुःख वर्षभरात विसरता येतं. लग्नात किती गेले हे कोण आठवत बसतं? विसरता येत नाही ती चाकरी. जी वस्तू आपली सेवा करील म्हणून आणली, तिचीच सेवा करायची वेळ आली की ती रोज आठवण करून देते. घरातल्या वस्तूंनाही दोन वयं असतात, आणि हौसेच्या बहुतेक वस्तू उड्डाणाचे तास शून्य असताना कॅलेंडरवर म्हाताऱ्या होतात.

ओझरच्या बाबतीत या म्हातारपणाला स्थानिक मदत भरपूर आहे. जमीन काळ्या पाषाणाची, बोअरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अशा जड पाण्यात रोज चालणारा साधा नळ टिकतो, कारण तो रोज चालतो. बारा भोकांचा शॉवर पॅनेल महिनाभर बंद राहिला की भोकाभोकात क्षार बसतात. मग सुई, व्हिनेगर आणि जुना टूथब्रश. महामार्गाची धूळ झुंबराच्या प्रत्येक लोलकावर बसते, आणि ते पुसायला दुमजली उंचीची शिडी लागते. ती घरात नसते. फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत पाली संसार थाटतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीला वीज गेली काय, न गेली काय, डिस्टिल्ड वॉटर घालावंच लागतं आणि चार-पाच वर्षांत ती बदलावीच लागते.

सगळ्यात बोलका नमुना मात्र पाहुण्यांच्या बाथरूमचा. जमिनीतल्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं. तेच ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. बाथरूम वापरात नसलं की उन्हाळ्यात ते पाणी सुकतं आणि गटार थेट घरात श्वास घेऊ लागतं. पाहुणे येण्याआधी दोन दिवस ‘हा वास कुठून येतोय’ याचा शोध, फिनेल, उदबत्ती. उपाय अगदी साधा: आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी ओतायचं. म्हणजे पाहुणा वर्षातून चार दिवस येतो, आणि त्याच्या खोलीचं तर्पण बावन्न आठवडे चालतं.

हे तर्पण करतं कोण? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. घर सजवण्याच्या निर्णयात पुरुषाचा शब्द जड आणि सजवलेलं पुसण्यात बाईचा हात. ही वाटणी लक्षात घेतली तर ‘आमच्या हिला हौस’ या वाक्याकडे जरा संशयाने पाहावं लागतं. तिला हवा होता उंच ओटा. मिळाली काळ्या काचेची चिमणी, जिच्या जाळ्या दर पंधरवड्याला गरम पाण्यात सोडा घालून भिजवायच्या. परिणामी अनेक बंगल्यांत दोन स्वयंपाकघरं असतात: एक पुढचं, दाखवायचं, दुसरं मागच्या मोरीजवळ, पत्र्याखाली, जिथे भाकरी थापली जाते, ठेच्याची मिरची भाजली जाते आणि पापड तळले जातात. मागच्या बाजूला ना नळ नीट, ना उजेड. सगळ्यात जास्त तास जिथे भरतात तिथे सगळ्यात कमी पैसे.

‘पण घराची किंमत वाढते ना!’ हा शेवटचा बचाव. तो सरकारदरबारी टिकत नाही. मुद्रांक शुल्कासाठी मूल्य निघतं वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावरून: भाग कोणता, बांधकाम कोणत्या प्रकारचं, क्षेत्रफळ किती, वय किती. झुंबराचा रकाना त्यात नाही. अमेरिकेत नूतनीकरणाचा किती खर्च विक्रीत वसूल होतो याची यादी एक व्यावसायिक नियतकालिक दरवर्षी काढतं. २०२४ च्या यादीत अव्वल होतं गॅरेजचं दार, त्यानंतर घराचं पुढचं दार. आलिशान स्वयंपाकघराचा निम्माही खर्च वसूल होत नव्हता. खरेदीदाराची हौस त्याची स्वतःची असते. तुमच्या हौसेचे पैसे तो कशाला देईल? उलट टब काढायचे पैसे तो किमतीतून वळते करायला सांगतो. टब काढायचा म्हणजे टाइल फोडायच्या, आणि ते डिझाइन कंपनीने कधीच बंद केलेलं असतं. मग भिंतच नवी.

एक मुद्दा असा राहतो की तो टाळला तर वरचा सगळा युक्तिवाद लंगडा पडेल. काही वस्तू क्वचित वापरल्या जातात, चाकरीही भरपूर मागतात, आणि तरी त्यांच्याशिवाय चालत नाही. ओझरच्या माणसाला उदाहरण बाहेरून आणायला नको. लढाऊ विमानातलं इजेक्शन सीट. ते कधी वापरायला लागू नये अशीच सगळ्यांची इच्छा. त्यातल्या स्फोटक काडतुसांना तारखा असतात, ती न वापरता बदलली जातात, आणि हा खर्च वाया गेला असं कुणी म्हणत नाही. कारण ज्या दिवशी ते लागतं त्या दिवशी त्याच्या जागी दुसरं काही चालत नाही. टबाच्या जागी बादली चालते. होम थिएटरच्या जागी हॉलमधला टीव्ही चालतो, आणि बहुतेक घरांत तोच चालतो.

घरातली इजेक्शन सीट कोणती? संडासाशेजारच्या भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी. मोरीत न घसरणारी खरखरीत फरशी. तळमजल्यावर झोपायची एक खोली, जेणेकरून गुडघे गेल्यावर जिना हा प्रश्न राहणार नाही. विजेच्या बोर्डात तीस मिलिअँपिअरची गळती ओळखून तत्क्षणी प्रवाह तोडणारा आरसीसीबी. खोली सोडली तर बाकी सगळ्याचा मिळून खर्च एका झुंबराहून कमी, आणि वास्तुशांतीला आलेला एकही पाहुणा ‘वा, काय दांडी बसवलीय!’ असं म्हणत नाही. साठाव्या वर्षी घर सजवणारा माणूस चकचकीत फरशी टाकतो आणि सत्तराव्या वर्षी तिच्यावर जपून पाय टाकत चालतो.

जुन्या घरांनी हा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला होता. क्वचितच्या गरजा तिथेही होत्या: पाहुणे, बाळंतपण, पंगत, आजारी माणूस. पण त्यांच्यासाठी भिंती नव्हत्या, वस्तू होत्या, आणि त्या हलायच्या. माळ्यावरून गाद्या उतरल्या की ओसरीची पाहुण्यांची खोली व्हायची. पाट मांडले की तीच भोजनशाळा. काम झालं की सगळं परत माळ्यावर, आणि माळा काही मागायचा नाही. या घरांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्यांच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरांत बायकांची फुप्फुसं धुराने भरली आणि खाजगीपण कुणाच्याच वाट्याला आलं नाही. पण जे कधीतरी लागतं ते सिमेंटमध्ये गाडायचं नाही, ही समज त्यांच्यात होती. आताच्या घरात उलट झालं. वर्षातून चार दिवसांच्या पाहुण्याला स्लॅब मिळाला, आणि लग्नं तर सगळी मंगल कार्यालयांत गेली.

मोजून खर्च करणं ओझरला जमत नाही असंही नाही. वाघाड धरणाच्या कालव्याच्या टोकाला असलेल्या इथल्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाणीवापर संस्था काढल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने त्यासाठी गाव पिंजून काढलं. मुख्य बदल होता मोजण्याचा. पाणीपट्टी पूर्वी पीक आणि क्षेत्रावर ठरायची, आता पाणी घनमापाने घ्यायचं आणि तितक्याचेच पैसे द्यायचे. मोजणी सुरू झाली तशी पाण्याकडे बघण्याची नजर बदलली. ज्या शेतकऱ्याला आपल्या बागेत किती पाणी गेलं हे सांगता येतं, त्यालाच बंगल्याच्या वरच्या मजल्यावर या वर्षात कोण किती वेळा गेलं हे विचारलं तर तो हसतो. हसण्यात उत्तर असतं.

चैत्र-वैशाखात या बंगल्यांच्या गच्च्यांवर एक देखावा दिसतो. कृत्रिम हिरवळीवर उन्हाळ्यात पाय ठेववत नाही, ती इतकी तापते. सकाळी लवकर घरातली बाई आणि शेजारच्या दोघी ती हिरवळ गुंडाळून कठड्याला लावून ठेवतात. बार्बेक्यूची शेगडी बाजूला सरकते, तिच्यावर चिकाचं पातेलं येतं. खाली उघड्या झालेल्या साध्या सिमेंटवर जुनी सुती लुगडी अंथरली जातात, चारी कोपऱ्यांना विटा, आणि सोऱ्यातून कुरडया पडायला लागतात.